नाताळच्या रात्री चर्चमध्ये येणाऱ्यांसाठी, आणि आमच्याही माणसांसाठी

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या अंकात दरवर्षी २४ डिसेंबरला शहरातल्या चर्चची बातमी असते. रोषणाई कशी आहे, गव्हाणीचा देखावा कुणी केला, मध्यरात्रीची मिस्सा, म्हणजे आमची मुख्य उपासना, किती वाजता सुरू होणार, आणि सोबत एक फोटो. ती बातमी वाचून त्या रात्री खूप माणसं येतात. जुळे सोलापुरातून, विजापूर रोडवरून, अक्कलकोट रोडच्या कारखान्यांकडून, लहान पोरांना खांद्यावर बसवून येतात. त्यांचं येणं आम्हाला मनापासून आवडतं. यंदा त्या बातमीत आणखी चार ओळी घालाव्यात, एवढीच विनंती करायला हे पत्र लिहिते आहे. त्या चार ओळींमागचं कारण चार ओळींत मावत नाही, म्हणून पत्र लांबलं. काटछाट करायचीच झाली तर माझ्याबद्दलचा मजकूर काढा, पवित्र भाकरीबद्दलचा ठेवा.

माझं माहेर श्रीरामपूर तालुक्यातलं हरेगाव. वडील तिथल्या साखर कारखान्यात होते. सप्टेंबरात मतमाउलीची यात्रा भरते ते हेच गाव. यात्रेच्या दिवसांत आमच्या ओसरीवर पाय ठेवायला जागा नसायची. लग्न होऊन सोलापुरात आले, कारण यजमान रेल्वेत. आता ते निवृत्त आहेत आणि मी कित्येक वर्षं आमच्या चर्चच्या सॅक्रिस्टीत काम करते. सॅक्रिस्टी म्हणजे वेदीशेजारची खोली. फादरांची वस्त्रं, चषक, मेणबत्त्या, सगळं तिथं असतं. वेदीवरची कापडं धुणं, इस्त्री करणं, फुलं लावणं हे माझ्याकडे. पगार नाही, कोणी मागतही नाही.

सोलापुरात ख्रिस्ती म्हटलं की जुन्या लोकांना अमेरिकन मराठी मिशन आठवतं, त्यांच्या शाळा आठवतात. ते आमचे बांधव आहेत, त्यांची उपासनेची रीत वेगळी. मी लिहिते आहे ते कॅथलिकांबद्दल. आम्ही पुणे धर्मप्रांतात, म्हणजे पुण्याच्या बिशपांच्या हद्दीत येतो. तो १८८६ साली स्थापन झाला. त्याच्या पंचवीसेक वर्षं आधी इथं रेल्वे आली होती, १८७७ मध्ये पहिली गिरणी उभी राहिली, आणि पोटापाण्यासाठी चहूकडून माणसं आली. आजही रविवारी आमच्या बाकांवर बसलेली माणसं पाहिली तर हा इतिहास डोळ्यांना दिसतो. रेल्वेमुळे स्थायिक झालेली तमिळ आणि गोव्याकडची घरं, केरळच्या नर्स, नगरकडून आलेले माझ्यासारखे मराठी, तेलुगू बोलणारी कष्टकरी कुटुंबं. घरी पाच भाषा, पण गुडघे एकाच वेळी टेकतात.

ते गुडघे कशासाठी टेकतात, ते आता सांगते.

आत आलात की समोर वेदी दिसेल. तिच्या मागे किंवा बाजूला एक छोटी पेटी असते, तिला टॅबरनॅकल म्हणतात. पेटीजवळ एक दिवा, बहुतेक ठिकाणी लाल काचेचा, रात्रंदिवस तेवत असतो. आत ख्रिस्तशरीर, म्हणजे मिस्सेतली पवित्र भाकर, ठेवलेलं आहे, याची ती खूण. वर्षातून एकदा, आज्ञा गुरुवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या आदल्या संध्याकाळी, ती पेटी रिकामी करतात. शुभ शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, तिचं दार सताड उघडं असतं आणि दिवा विझलेला असतो. त्या दिवशी आमच्या चर्चमध्ये पाऊल टाकलं की घरातलं माणूस गेल्यासारखं वाटतं. बाकी सगळे दिवस तिथं तो आहे, आणि तो आहे म्हणून आम्ही हळू चालतो, हळू बोलतो.

मिस्सेत फादर बेखमीर भाकर आणि द्राक्षारस हातात घेऊन येशूनं शेवटच्या भोजनाच्या वेळी उच्चारलेले शब्द उच्चारतात. त्या क्षणापासून भाकर भाकर राहत नाही आणि द्राक्षारस द्राक्षारस राहत नाही, अशी आमची श्रद्धा आहे. रूप, रंग, चव तीच. पण वेदीवर खुद्द ख्रिस्त. घंटी वाजते ती तेव्हा. हे सगळ्या वाचकांना पटावं असा माझा आग्रह नाही. फक्त एवढं ठाऊक असलं की पुढचं सगळं आपोआप कळतं.

त्या भाकरीखाली एक चौकोनी पांढरं वस्त्र अंथरलेलं असतं, कॉर्पोरल. त्याची घडी तीन पदरी उभी आणि तीन पदरी आडवी, म्हणजे उलगडलं की नऊ चौकोन दिसतात. मिस्सा झाल्यावर ते झटकायचं नाही. कडा आत दुमडत न्यायच्या, की एखादा कण पडला असेल तर तो आतच राहील. चषक पुसायचं वस्त्र वेगळं, प्युरिफिकेटर. ही वस्त्रं धोब्याकडे जात नाहीत. पहिल्यांदा हातानं, नुसत्या पाण्यात खळबळायची आणि ते पाणी मोरीत ओतायचं नाही, जमिनीत मुरवायचं. रोमनं, म्हणजे व्हॅटिकननं, २००४ मध्ये काढलेल्या सूचनांमध्येही हे स्पष्ट लिहिलं आहे. मला मात्र ते माझ्या आधी हे काम सांभाळणाऱ्या एका म्हाताऱ्या सिस्टरांनी शिकवलं, कुठलाही कागद न दाखवता, बादलीशेजारी उभं करून.

आता सोलापुरात नळाला किती दिवसांनी पाणी येतं हे सोलापूरकरांना मी सांगायला नको. चार दिवस, पाच दिवस, उन्हाळ्यात विचारूच नका. भाजी धुतलेलं पाणी कुंडीत घालणारी माणसं आपण. तरी या वस्त्रांसाठी एक स्टीलची बादली मी वेगळी ठेवली आहे, तिला दुसऱ्या कशासाठी कोणी हात लावलेला मला खपत नाही. पहिलं पाणी आवारातल्या जास्वंदीच्या आळ्यात जातं. मग साबण, मग हलकी खळ, आणि ओलसर असतानाच इस्त्री, नाहीतर घडीच्या रेघा नीट बसत नाहीत. सून म्हणते, "आई, एवढं कोण बघतंय?" ज्यानं बघायचं तो बघतोय.

मागे एका नाताळला घडलेली गोष्ट सांगते. मध्यरात्रीची मिस्सा आटोपून, केक खाऊन लोक पांगले होते. सकाळच्या मिस्सेआधी बाकं पुसायला म्हणून मी उजाडता उजाडता गेले. बाकाच्या पाठीला गाण्याचं पुस्तक ठेवायची फळी असते. मागच्या एका बाकाच्या फळीत चॉकलेटचा कागद होता, चुरगळलेली पावती होती आणि त्या दोन्हींच्या मध्ये पवित्र भाकर, दोन तुकडे झालेली. एक कड ओली होऊन मऊ पडलेली. कोणीतरी जिभेला लावून पाहिली असावी.

मी तिला हात लावला नाही. तिथंच गुडघे टेकले आणि वेदीसेवक पोरगा लवकर आला होता, त्याला फादरांना बोलवायला पिटाळलं. फादर जेमतेम दोन तास झोपले असतील. आले, दाराशी चपला काढल्या, गळ्यात स्टोल, म्हणजे उपासनेच्या वेळचा लांब पट्टा, घातला. दोन्ही तुकडे उचलून छोट्या वाटीतल्या पाण्यात ठेवले, वर झाकण ठेवलं. वाटी टॅबरनॅकलशेजारी राहिली. भाकर पूर्ण विरघळून गेल्यावर ते पाणी जमिनीत ओतलं. फळी ओल्या कापडानं पुसली आणि ते कापडही त्याच रीतीनं धुतलं. या सगळ्यात फादरांच्या तोंडून एकही कडू शब्द आला नाही. मलाही राग आला नव्हता. रडू आलं, ते खरं.

ज्यानं ती तिथं ठेवली त्याचा काय दोष? रांग दिसली, तो उभा राहिला. देवळात प्रसादाच्या रांगेत कोणालाही कोणी नाही म्हणत नाही, गुरुद्वारात लंगरला बसलेल्याला जात विचारत नाहीत. तिथं नको म्हणणं हाच अपमान. त्याला वाटलं असेल, प्रसाद आहे, घरी आईला न्यावा. किंवा चव लागेना म्हणून ठेवून दिला. त्याला कोणी सांगितलं होतं? बातमीत नव्हतं, चर्चच्या फाटकावर नव्हतं, शेजारच्या बाकावरच्या आमच्या माणसानंही त्याच्या कानात दोन शब्द सांगितले नव्हते.

आमच्या रांगेत बाप्तिस्मा झालेल्या आणि तयारी करून पहिलं ख्रिस्तशरीर घेतलेल्या कॅथलिकांनीच उभं राहायचं असतं. त्यातही आधी एक तास काही खायचं नाही, मोठं पाप मनावर असेल तर आधी फादरांकडे कबूल करायचं. माझ्या आईच्या लहानपणी मध्यरात्रीपासून पाण्याचा घोटही चालत नसे. १९५३ मध्ये पाण्याची मुभा मिळाली आणि १९६४ पासून उपवास एका तासावर आला. मन साफ नसेल तर आमच्यातलेही कित्येक जण त्या दिवशी जागेवर बसून राहतात. त्यांच्याकडे कोणी वळून पाहत नाही, पाहू नये. तेव्हा पाहुण्यांनी जागेवर बसून राहिलं तर त्यांना कमी लेखलं असं मुळीच नाही. ज्यांना पुढे यावंसंच वाटतं त्यांनी दोन्ही हात छातीवर दुमडून यावं. आमच्याकडे फादर डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद देतात, लहानग्यांना तर आवर्जून देतात.

फोटोंचं काय करायचं, हा प्रश्न मला भाकरीपेक्षाही अवघड वाटतो. गव्हाणीजवळ हवे तेवढे फोटो काढा, ती त्यासाठीच केलेली असते आणि पोरं महिनाभर खपून करतात. मिस्सा सुरू झाली की फोन खिशात ठेवा. आणि वेदीच्या पायऱ्या चढू नका, कुठल्याही कारणानं नाही.

हे पाहुण्यांपेक्षा आमच्याच लग्नघरांना सांगायला हवं. मध्यंतरी एका लग्नाच्या मिस्सेला कॅमेरेवाल्यांची अख्खी पलटण आली होती. दिव्याचा स्टँड वेदीच्या पायरीवर, वायरी चिकटपट्टीनं फरशीला लावलेल्या. एक जण नवरीचा चेहरा समोरून मिळावा म्हणून वेदीच्या मागे जाऊन उभा राहिला, बूट घालून. मी सॅक्रिस्टीच्या दारातून हातानं खुणावलं, तर म्हणतो कसा, "काकू, दोनच मिनिटं." तेवढ्यात फादरांनी ख्रिस्तशरीर उंच धरलं, घंटी वाजली, सगळं चर्च गुडघ्यांवर आलं. आणि हा नवऱ्याला म्हणाला, "दादा, इकडे बघा." नवऱ्यानं तिकडे पाहिलं आणि हसला. तो फोटो आता त्यांच्या दिवाणखान्यात लागला असेल. ज्या क्षणी त्यानं वेदीकडे पाहायला हवं होतं, तो क्षण कायमचा त्या फोटोत अडकून राहिला.

मी त्या कॅमेरेवाल्या मुलाला दोष देत नाही. तो दुसऱ्याच आठवड्यात एखाद्या मंगल कार्यालयात हेच काम करणार, तिथं हे चालतं. पण ज्या घरचं लग्न होतं ते पिढीजात कॅथलिक. वधूची आजी पहिल्या बाकावर डोळे मिटून बसली होती. कॅमेऱ्याचं बुकिंग करताना, मेन्यू ठरवताना, एक संध्याकाळ फादरांकडे बसून मिस्सेत काय होतं हे मुलांना समजावून घ्यावं असं त्या घरात कोणाला सुचलं नाही.

आणि रोजच्या रविवारचं तरी काय? मिस्सा सुरू व्हायच्या आधीची दहा मिनिटं शांततेची असतात. मिस्सेआधी चर्चमध्ये शांतता असावी, अशी सूचना मिस्साविधीच्या पुस्तकाच्या सुरुवातीलाच छापलेली आहे. आमच्या बाकांवर त्या दहा मिनिटांत नळाला पाणी कधी आलं, कुणाच्या मुलीला पुण्यात नोकरी लागली, सगळं बोलून होतं. बाहेर अंगणात बोलायला हरकत कोणाची आहे? उलट मिस्सेनंतर अंगणात अर्धा तास थांबत नाही तो धर्मग्रामस्थ कसला! पण आत एखादी बाई येऊन बसलेली असते, जिचा नवरा काल अतिदक्षता विभागात गेला आहे, आणि तिला त्या दहा मिनिटांशिवाय आठवड्यात निवांत जागा नाही. तिच्या शेजारी आपण पाण्याच्या टँकरचा हिशोब करतो.

ख्रिस्तशरीर हातावर घ्यायचं की जिभेवर, यावरून आमच्याकडे कधी कधी तोंडं फुगतात. दोन्ही चालतं, मी स्वतः जिभेवर घेते, पण भांडणाचं कारण नाही. चौथ्या शतकात जेरुसलेमचे बिशप संत सिरिल यांच्या नावावर असलेल्या प्रवचनात नवख्यांना सांगितलं आहे, की राजाला सिंहासन द्यावं तसा डावा हात उजव्या हाताखाली धरा आणि तळहाताची ओंजळ करून घ्या. सोन्याचे कण कोणी हातावर दिले असते तर ते जसे जपले असते, त्याहून जास्त जपा. आमच्या फर्स्ट कम्युनियनच्या, म्हणजे पहिल्या ख्रिस्तशरीराच्या तयारीच्या वर्गात मी मुलांना हात धरायला असंच शिकवते. आठ वर्षांची पोरं ते इतकं मनावर घेतात की जागेवर परत आल्यावर तळहात डोळ्यांजवळ नेऊन पाहतात, काही राहिलं तर नाही ना. मोठी माणसं चालता चालता तोंडात टाकतात आणि थेट दारातून स्कूटर काढतात.

आमच्या तरुण पोरांमध्ये सध्या दोन तट आहेत आणि दोघंही सॅक्रिस्टीत येऊन माझ्याशी वाद घालतात, ते मला आवडतं. एका तटाला ड्रम हवा, मोठा पडदा हवा, त्याशिवाय तरुण येणार नाहीत म्हणतात. दुसऱ्या तटानं फोनवर जुनी लॅटिन मिस्सा पाहिली आहे आणि साठच्या दशकात जगभरच्या बिशपांची जी व्हॅटिकन परिषद भरली, तिच्यानंतर सगळं बिघडलं असं त्यांचं ठाम मत झालंय.

मी दोघांनाही माझ्या आजीचं सांगते. तिच्या काळी मिस्सा लॅटिनमध्ये, फादर वेदीकडे तोंड करून. तिला एक अक्षर कळत नसे, ती जपमाळ ओढत बसायची आणि घंटी वाजली की मान खाली घालायची. पुढे ४ डिसेंबर १९६३ ला परिषदेनं उपासनेवरचा दस्तऐवज काढला आणि लोकभाषेला दार उघडलं. मिस्सा मराठीत आली तेव्हा आजी म्हातारी झाली होती. आई सांगते, पहिल्यांदा शुभवर्तमान, म्हणजे बायबलमधला येशूचा भाग, मराठीत ऐकून घरी आल्यावर आजीनं ते सगळं शेजारणीला जसंच्या तसं सांगितलं, उधळ्या पुत्राची गोष्ट होती. ते मी कशाच्याही बदल्यात देणार नाही. मला मिस्सा मराठीतच हवी. पोप बेनेडिक्ट यांनी २००७ मध्ये जुन्या विधीला जास्त मोकळीक दिली, पोप फ्रान्सिस यांनी २०२१ मध्ये ती पुन्हा बिशपांच्या हाती दिली. त्याचं काय करायचं ते बिशप ठरवतील, तो माझा प्रांत नाही. पण लॅटिनच्या मागे लागलेल्या मुलांना तिथं काय ओढतं, हे मला कळतं. तिथं कोणी घाई करत नाही. फादर काय करताहेत याकडे सगळ्यांचं लक्ष असतं, फादरांचं लक्ष वेदीकडे असतं. हे मराठीत करायला कोणी बंदी घातली आहे?

ड्रमवाल्यांना मी एवढंच विचारते, की तुमच्या गाण्यात मागच्या बाकावरच्या आजोबांना सूर मिसळता येतो का? तबला आणा, पेटी आणा, गिटार आणा, माझी ना नाही. गायनमंडळ एकटंच गात असेल आणि लोक ऐकत बसले असतील, तर त्यापेक्षा साधं गाणं बरं. आणि ख्रिस्तशरीर घेऊन झाल्यावर थोडा वेळ वाद्यं बंद ठेवा. तो वेळ रिकामा वाटतो म्हणून लगेच भरून टाकू नका.

"हे गुडघे टेकणं, धूप, शांतता, सगळं गोऱ्यांनी आणलेलं" असंही मध्ये एका शिकलेल्या मुलानं मला ऐकवलं. त्याला मी १९६९ सालची गोष्ट सांगितली. भारतातल्या बिशपांनी इथल्या रीतीप्रमाणे उपासना व्हावी म्हणून बारा मुद्दे रोमकडे पाठवले आणि २५ एप्रिलला ते मान्य होऊन आले. पादत्राणं बाहेर काढणं, जमिनीवर बसणं, हात जोडून खोल वाकणं, पंचांग प्रणाम, मेणबत्तीऐवजी तेलाचा दिवा, आरती, पवित्र वस्तूचं चुंबन घेण्याऐवजी तिला स्पर्श करून हात कपाळाला लावणं, शांतीचं चिन्ह म्हणून नमस्कार. जिथले बिशप ठरवतील तिथं हे सगळं चालतं. यातलं आदर कमी करणारं एक तरी आहे का? आपल्या मातीनं आदर वाढवला, कमी केला नाही.

आणि सोलापूरकराला आदर शिकवायला रोमहून कोणी यायची गरजच काय? नाताळ झाला की तीन आठवड्यांत सिद्धरामेश्वरांची गड्ड्याची यात्रा येते. पांढरी बाराबंदी घालून नंदीध्वज पेलणाऱ्या मानकऱ्याकडे पाहा. एवढी उंच काठी, एवढी गर्दी, आणि त्याचं सगळं ध्यान काठीवर. संमती कट्ट्याजवळ अक्षता सोहळ्याला लाखो माणसं अक्षता मुठीत धरून उभी असतात आणि संमती वाचली जाईपर्यंत मूठ उघडत नाहीत. मी रस्त्याच्या कडेला उभी राहून हे पाहिलं आहे, हात जोडून. ते माझं दैवत नाही, पण त्या माणसांचा भाव मला ओळखीचा वाटतो. त्याच गावातला माणूस नाताळच्या रात्री आमच्याकडे आला तर त्याला शांत राहा म्हणून दटावावं लागणार नाही. वेदी कुठली आणि काय चाललंय, एवढं कळलं की पुरे.

आमच्याकडे एक विडी कामगार बाई येतात, तेलुगू बोलणाऱ्या. मराठी जेमतेम. रोज सकाळच्या मिस्सेला येतात, कारण नंतर पानं कापायला बसायचं असतं. चपला पायरीखाली काढतात, बाक रिकामं असलं तरी फरशीवर बसतात, उठताना उजव्या हातानं जमिनीला स्पर्श करून तो कपाळाला लावतात. १९६९ चे बारा मुद्दे त्यांनी कधी ऐकलेले नाहीत. हात जोडलेले असले की बोटांना तंबाखूचा वास येतो, तो धुऊनही जात नाही, आणि त्याची त्यांना लाज वाटते. एकदा मला म्हणाल्या, "या हातावर देवाला कसं घेऊ? जिभेवरच घेते." मी काय बोलणार? मी त्यांचे हात हातात घेतले, बस.

या बाईंचं घर पावसाळ्यात गळायला लागलं तेव्हा वर पत्रा टाकून दिला तो आमच्या सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीच्या माणसांनी. फ्रेडरिक ओझानाम नावाच्या वीस वर्षांच्या विद्यार्थ्यानं १८३३ मध्ये पॅरिसला सुरू केलेली ही संस्था. काम साधं, गरिबाच्या घरी जायचं, बसायचं, काय लागतं ते पाहायचं. आमच्याकडे त्यात राबणारी माणसं कोण, तर मिस्सेला दहा मिनिटं आधी येऊन गप्प बसणारीच. पूजाअर्चेत वेळ घालवण्यापेक्षा सेवा करा, असं सांगणारे बरेच भेटतात. सिव्हिलमध्ये बेवारस रुग्णाला भरवायला त्यांतला कोणी दिसला तर मला सांगा, मी जाऊन त्याला भेटेन.

तेव्हा संपादक महोदय, बातमीत घालायच्या ओळी अशा: मध्यरात्रीच्या मिस्सेला सर्वांचं स्वागत आहे. मिस्सा सुरू असताना फोन बंद ठेवावेत आणि वेदीच्या पायऱ्यांवर जाऊ नये. ख्रिस्तशरीर फक्त कॅथलिकांनी घ्यावं. इतरांनी हात छातीवर दुमडून आशीर्वादासाठी यावं किंवा जागेवर बसावं. भाकर कोणीही घरी नेऊ नये. सोबत छापायचा फोटो गव्हाणीचा चालेल, भाकर वाटतानाचा नको.

आपल्या छायाचित्रकारानं यायच्या आधी फादरांना भेटावं, ते उभं राहायची जागा दाखवतील. बाजूच्या दाराजवळून वेदी चांगली दिसते. ज्यांना गर्दी नको त्यांनी २६ तारखेनंतर यावं. आमचा नाताळ २५ ला सुरू होतो आणि जानेवारीतही काही दिवस चालतो, गव्हाण तोवर मांडलेलीच असते. सकाळच्या मिस्सेनंतर मी सॅक्रिस्टीत असते. कोणाला काही विचारायचं असेल तर दार वाजवावं, चहा पाजून सगळं दाखवेन.

कळावे,
आपली एक जुनी वाचक,
रेल्वे लाइन्स, सोलापूर